बांड्याचा पोळा

१५ जुलै, सोमवार

आज सकाळी माझ्या कॅल्क्युलेटरचे अपघाती निधन झाले. त्याच्या मागे एक रेक्झिनचे कव्हर आणि शोकाकुल मी, एवढाच परिवार आहे.

जिनिंगमध्ये असताना कापसाचे भाव चढले, पडले, आडवे झाले. ते सगळे त्याने चेहऱ्यावरची रेषा न हलवता दाखवले. बेरजेत एकदाही चुकला नाही. चुकलो मी. भंगारवाल्या फकीर मोहम्मदच्या ट्रकच्या पावतीवर सही करताना त्याला क्षणभर सरकत्या पट्ट्याच्या कडेवर टेकवलं. कचरा निवडणाऱ्या यंत्राचा हात आला, त्याने त्याला अलगद उचललं, कॅमेऱ्याखाली नेऊन पाहिलं आणि सर्किट बोर्डाच्या पेटीत टाकलं. पेटीच्या पुढे चुरा करणारं यंत्र आहे. पुढचं लिहवत नाही.

माझी तक्रार मृत्यूबद्दल नाही, न्यायाबद्दल आहे. हे यंत्र शंभरातल्या तीस वस्तू चुकीच्या पेटीत टाकतं. वायरला प्लास्टिक म्हणतं, रिमोटला चप्पल समजून बाजूला सारतं. मग साऱ्या सकाळीत फक्त माझाच कॅल्क्युलेटर त्याला बिनचूक ओळखू यावा?

पुण्याच्या कंपनीला कळवावं का, याचा विचार केला. भरपाईच्या अर्जात 'वस्तूचा प्रकार' असा रकाना असणार. त्यात 'ई-कचरा' लिहावं लागेल. हा अपमान मी त्याच्या पश्चात होऊ देणार नाही.

१८ जुलै, गुरुवार

ही डायरी कधी कुणाच्या हाती लागली, तर त्याचा घोटाळा होऊ नये म्हणून थोडी ओळख देतो.

ही जागा म्हणजे खामगावातली बंद पडलेली जिनिंग. बोंडअळीने कापूस खाल्ला, उरल्या जमिनीत सोयाबीन शिरलं, आणि मालकाने एक दिवस भोंगा वाजवायचंच बंद केलं. मागल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीने ही इमारत घेतली. जुने टीव्ही, फोन, संगणक फोडून त्यातलं तांबं आणि बोर्ड वेगळे काढायचे, हा धंदा. इमारतीबरोबर त्यांना दोन जुन्या गोष्टी मिळाल्या : ट्रक तोलायचा एक भुईकाटा आणि एक मी. जिनिंगचा दिवाणजी होतो, आता कार्यालय प्रमुख आहे. कार्यालयात माझ्याशिवाय कुणी नसल्यामुळे प्रमुखपदाबद्दल वाद होत नाही.

काम असं चालतं. पट्ट्यावरून वस्तू येते. यंत्राचा हात ती उचलतो. अन्नपूर्णाबाई पट्ट्याच्या डोक्याशी बसून रंगीत बटण दाबतात. लाल म्हणजे बॅटरी, पिवळं म्हणजे ज्यात बोर्ड आहे ते, निळं वायर, हिरवं नुसतं प्लास्टिक. हात त्या पेटीत वस्तू टाकतो आणि बाईंनी काय दाबलं ते लक्षात ठेवतो. असा तो शिकतो. रोज सकाळी अर्धा तास त्याला एकट्याला सोडतात, ती त्याची परीक्षा. निकाल मी पुण्याला पाठवतो. बाकी पाच बाया टेबलावर बसून स्क्रू उघडतात. सगळ्या पूर्वी कापूस वेचायला जायच्या.

यंत्राची इंजिनिअर गुलनाज. वय पंचविशीचं, शिक्षण पुण्याचं, घर शेगावचं. पहिल्या दिवशी तिने बायांना यंत्र समजावून सांगितलं : हा याचा खांदा, हे कोपर, हे मनगट. खांद्याचं तिला फार कौतुक. म्हणाली, हा सांधा इतका पक्का आहे की नळी लावून पाणी मारलं तरी आत थेंब जायचा नाही. अन्नपूर्णाबाईंनी खांद्यावरून हात फिरवला. यंत्र केशरी आहे आणि मध्ये एक पांढरा पट्टा. त्यांनी तिथल्या तिथे त्याचं नाव ठेवलं, अंगावर पांढरा पट्टा असलेल्या बैलाचं ठेवतात तसं, बांड्या. कंपनीने दिलेलं इंग्रजी नाव त्या दिवसापासून फक्त माझ्या अहवालात उरलं.

आज त्याच अन्नपूर्णाबाई माझ्या टेबलाशी आल्या आणि पदराखालून एक कॅल्क्युलेटर काढून ठेवला. कचऱ्यातलाच, पण जिवंत. पैसे विचारले.

"पैसे काऊन? पोळ्याले बोजारा द्या, दिवाणजी. झालं."

पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैल दारात आला की त्याचा कासरा धरणाऱ्याच्या हातावर जे ठेवतात, तो बोजारा. बाईंकडे बैल आता नाही. पण मी हो म्हणून बसलो.

२२ जुलै, सोमवार

पुण्याच्या साहेबांचा फोन. वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, उत्साहाने चाळीस. सप्टेंबरात पैसे गुंतवणारे पाहुणे येणार. त्यांच्यासमोर यंत्राने अख्खी पाळी एकट्याने चालवून दाखवली, शंभरात पंच्याण्णव बरोबर, की टेबलासाठी आणखी दोन हात मंजूर. मग साहेब म्हणाले, मनुष्यबळ टप्प्याटप्प्याने शून्यावर आणू. शून्य हा शब्द त्यांनी असा उच्चारला, जसा आपण नैवेद्य म्हणतो.

मनुष्यबळ म्हणजे सहा बाया. हे त्यांना सांगायचं नाही, अशी मला तंबी आहे.

सांगावं का? पाऊण तास विचार केला. अन्नपूर्णाबाईंचं तीन एकर आहे. मुलगा आणि सून त्यात दरवर्षी पाकिटावरचं चित्र बघून बियाणं लावतात आणि दरवर्षी चित्र बघूनच समाधान मानतात. घर चालतं ते इथल्या पगारावर. रुक्मिणीबाईंचं तर तेवढंही नाही. तरी माझं काम आकडे पाठवण्याचं आहे. काटा वजन दाखवतो. पोतं कुणाचं, हे तो विचारत नाही. मी सांगितलं नाही.

२ ऑगस्ट, शुक्रवार

यंत्राची प्रगती विचित्र आहे. एका आठवड्यात बहात्तर, पुढच्यात अडुसष्ट, मग एकाहत्तर. पुण्यातलं असंच दुसरं यंत्र एका महिन्यात नव्वदला गेलं म्हणे. आमचं पुढे दोन पावलं टाकतं आणि मग काहीतरी विसरल्यासारखं मागे येतं.

एक गंमत नोंदवून ठेवतो. चुका होतात त्या रिमोटमध्ये, वायरमध्ये, चार्जरमध्ये. बॅटरीत एकही नाही. जून महिन्यापासून एकही बॅटरी चुकीच्या पेटीत गेलेली नाही. आणि नेमकी बॅटरीच चुरायंत्रात गेली तर भडका उडतो. ज्या चुकीने आग लागली असती तेवढीच टळावी, हा केवढा योगायोग. गुलनाजला दाखवलं. तिने आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "बॅटरी ओळखायला सोपी असते, सर." मग पाणी प्यायला गेली.

फकीर मोहम्मदचा ट्रक आला. हा भंगारचाचा चिखली ते नांदुरा सगळी गावं फिरतो. पूर्वी ट्रकमधून टीव्ही यायचे. आता निम्मा माल शेतातला : पाठीवरचे चार्जिंगचे फवारणी पंप, मोबाइलवरून मोटार चालू करायचे स्टार्टर, रानडुकरांसाठी कुंपणाला लावायची झटका मशीन. यंत्राला पुण्यात दाखवलेल्या चित्रांत यातलं काहीच नव्हतं. झटका मशीन आली की हात तिच्यावर थांबतो आणि दोनदा डोकावून परत फिरतो, गावात नवा आलेला मास्तर असावा तसा.

फकीर मोहम्मद म्हणाला, "पहले आदमी टीव्ही बेचता था दिवानजी, नया लेने के लिए. अब पंप बेचता है."

मी विचारलं, नवा घेण्यासाठी?

त्याने पावती मागितली.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज मी शास्त्रीय चौकशी केली. बटणाच्या मागे उभा राहून अन्नपूर्णाबाईंना विचारलं, हे इतकं हळू का शिकतं?

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "लहान हाय अजून. अदात गोऱ्ह्याले कोनी पहिल्याच साली पुरा नांगर देते का, दिवाणजी? खांदा मोडते त्याचा. सवय करा लागते. थोडं चालवाव, थोडं थांबवाव."

गोऱ्ह्याचं बरोबर आहे, मी म्हणालो, पण हे लोखंड आहे. याचा खांदा मोडत नाही.

"त्याचा नाई मोडत," बाई म्हणाल्या.

रुक्मिणीबाई टेबलावरून हसल्या. मला विनोद समजला नाही, पण मीही हसलो. कार्यालय प्रमुखाने अशा वेळी हसावं लागतं. पट्ट्यावर रिमोट आला. बाईंनी हिरवं दाबलं. रिमोटला पिवळं असतं असं माझ्या डोक्यात होतं. बोलता बोलता हात चुकला असेल.

१४ ऑगस्ट, बुधवार

जेवताना मंजुश्रीला यंत्राची सगळी हकिगत सांगितली. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते, त्यामुळे शिकण्या-न शिकण्याचा तिला अनुभव आहे. बॅटरीची गंमतही सांगितली. तिने भाकरी मोडता मोडता एकच विचारलं. शाळा संपली की मास्तरांची नोकरी जाणार, हे मास्तरांना माहीत आहे का?

मी म्हणालो, कसं माहीत असेल? मी तर कुणाला सांगितलं नाही.

"तू नसेल सांगितलं," ती म्हणाली आणि मला जवसाची चटणी वाढली. मंजुश्री कधी कधी विषय सोडून बोलते.

२७ ऑगस्ट, मंगळवार

पाहुण्यांची तारीख ठरली : २ सप्टेंबर, सोमवार. मी साहेबांना नम्रपणे कळवलं की त्या दिवशी पोळा आहे. त्यांनी विचारलं, बँका बंद असतात का? नसतात म्हणालो. मग काय अडचण आहे? बैलांचा सण आहे, असं मी सांगितलं. साहेब मोकळेपणाने हसले आणि म्हणाले, आपल्याकडे बैल नाहीत ना प्रसेनजितजी.

बरोबर होतं. मी फोन ठेवला.

आज परीक्षेत यंत्राला शहाण्णव मिळाले. गुलनाजने पुन्हा घेतली. पुन्हा शहाण्णव. अन्नपूर्णाबाई तीन दिवस नव्हत्या, सून दवाखान्यात होती. बटणावर गुलनाज स्वतः बसली होती. यंत्राला मॅडमचा हात मानवला असं दिसतं. मी अहवाल पाठवला. साहेबांनी उत्तरात एक रॉकेट पाठवलं, चित्रातलं.

दुपारी अन्नपूर्णाबाई कामावर परतल्या, तेव्हा त्यांना मी आनंदाने आकडा सांगितला. त्यांनी हातातली डब्याची पिशवी खाली ठेवली आणि बराच वेळ उचलली नाही. मग गुलनाजकडे पाहिलं. गुलनाज पायाकडे पाहत होती. ती म्हणाली, "मुझे लगा नहीं था, मौसी, इतना जल्दी सीखेगा."

चांगली बातमी काही लोकांना पचत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

रविवार असून सगळ्यांना बोलावलं. उद्याची झाडलोट. जिनिंगच्या छताच्या कैच्यांवर अजून कित्येक हंगामांची रुई अडकून बसली आहे. वारा आला की पुंजके खाली येतात. दुपारभर ते गोळा करण्यात गेली.

संध्याकाळी निघायच्या वेळी पाहतो तर बाया बांड्याभोवती गोळा झालेल्या. पातेल्यात कोमट पाणी, वाटीत हळद, वाटीत तूप. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकून हळद-तुपाने मळतात. वर्षभर जू वागवलेला तो खांदा. यंत्राचा खांदा कुठे आहे हे गुलनाजने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, त्यामुळे शोधावा लागला नाही. अन्नपूर्णाबाईंनी फडकं पिळून तो पुसला आणि तूप चोळायला लागल्या. अंगठा सांध्याच्या खाचेत घालून, गोल गोल, सावकाश.

मी म्हणालो, बाई, हे इलेक्ट्रॉनिक आहे.

"आमच्या बांड्यालेही इथंच गाठ यायची," त्या म्हणाल्या. मला नव्हे, यंत्राला.

रुक्मिणीबाई नंतर हळूच सांगत होत्या की तो बैल बोंडअळीच्या साली बाजारात गेला. अन्नपूर्णाबाई त्या दिवशी बाजाराच्या दारापर्यंत गेल्या आणि आत गेल्या नाहीत.

मळून झाल्यावर बाईंनी यंत्राला हात जोडून दरवर्षीचं बोलावणं केलं. "आज आवतन घे बाप्पा, उद्या जेवाले ये."

माझं देवाधर्माशी फारसं नाही. तरी एक गोष्ट लक्षात आली : सगळ्या बाया कशाची तरी वाट पाहिल्यासारख्या गुलनाजकडे बघत होत्या. इंजिनिअर म्हणून तिने हे थांबवायला हवं होतं. ती स्वतःची ओढणी सावरत उभी होती. मग पुढे झाली, वाटीतलं राहिलेलं तूप बोटावर घेतलं आणि पलीकडच्या बाजूला, जिथे अन्नपूर्णाबाईंचा हात पोचत नव्हता, तिथे लावलं.

मुलीला लोकांचं मन मोडवत नाही. चांगला स्वभाव आहे.

२ सप्टेंबर, सोमवार. पोळा

सविस्तर लिहितो. असा दिवस कार्यालय प्रमुखाच्या वाट्याला पुन्हा येणार नाही.

पाहुणे अकराला आले. तिघे. दोघे मुंबईचे, एक बाई बेंगळुरूच्या. साहेब पुढे, दारात मी. आत पाऊल टाकलं आणि साहेब थांबले.

बांड्याच्या पाठीवर झूल होती, आरसे लावलेली. मनगटाला लाल गोंडा. कोपराला बेगड. खांबाला घुंगरमाळ. डोक्यावर कॅमेरा आहे तिथे बाशिंग, पण कॅमेऱ्याची काच मोकळी ठेवलेली. मनगटाला नवा कासरा बांधला होता आणि त्याचं दुसरं टोक हातात धरून अन्नपूर्णाबाई ठेवणीतल्या लुगड्यात उभ्या होत्या. पुढ्यात पुरणपोळीचं ताट.

पाहुण्यांचे फोन निघाले. बेंगळुरूच्या बाईंनी ताटासह फोटो काढला. साहेबांनी पाच मिनिटं धीर धरला आणि मग म्हणाले, छान, आता सजावट काढून सुरू करू.

अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "आज जुपत नसतात."

साहेबांना शब्द कळला नाही. मी समजावून सांगितलं. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, आज त्याची सुट्टी. साहेब मला म्हणाले, हे यंत्र आहे. मी हे बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "मंग त्याले घाई कायची? उद्या चालव म्हना."

पाहुणे उद्या विमानात असणार होते. साहेबांनी गुलनाजला खूण केली. यंत्र चालू करायचं बटण तिच्याकडे होतं. ती यंत्राजवळ गेली, खांद्याला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग वळून इंग्रजीत आणि आमच्यासाठी पुन्हा मराठीत म्हणाली :

"सर, सांध्यात तूप गेलंय. आज सुरू केला तर मोटर जळेल. उघडून साफ करावा लागेल, चार-पाच दिवस."

एक रुईचा पुंजका वरून आला आणि बाशिंगावर बसला.

नळीच्या पाण्याला न जुमानणारा सांधा तुपाला वाट कशी देतो, हे विज्ञान माझ्या आवाक्याबाहेरचं आहे. तूप साजूक होतं, कदाचित त्यामुळे असेल.

पाहुणे रागावले नाहीत. उलट खूश होते. गावाने यंत्र आपलंसं केलं, असं काहीतरी म्हणत होते. पैशाचं मात्र पाळी पाहिल्यावर ठरवू म्हणाले. पुरणपोळ्या सगळ्यांनी खाल्ल्या. मग बाया पेट्यांकडून माझ्याकडे आल्या, कासरा घेऊन, ओळीने. बोजारा. बेंगळुरूच्या बाईंनी पाचशेची नोट दिली. मी खिसे चाचपले. हल्ली मी पैसे फोनमध्येच ठेवतो, आणि बांड्याला फोन नाही.

"राहू द्या, दिवाणजी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "उधार."

सगळ्या हसल्या. सहाजणींना आज इतकं हसू कशाचं येत होतं, कोण जाणे.

५ सप्टेंबर, गुरुवार

साहेबांचा फोन. आवाजात रॉकेट नव्हतं. त्यांच्याकडे कुणीतरी मागचे सगळे आकडे मांडून पाहिले होते. गुलनाज बटणावर होती तेव्हा शहाण्णव. त्याआधी दोन महिने आकडा सत्तरीच्या आसपास. आणि बॅटरीत कधीच चूक नाही. साहेबांनी सरळ विचारलं. "प्रसेनजितजी, कुणी मुद्दाम चुकीचं बटण दाबतंय का? तुम्ही तिथे बसता. तुमचा शब्द मी शेवटचा मानेन."

माझा शब्द आजवर कुणी पहिलाही मानला नव्हता.

माझ्या टेबलावरून काचेतून हॉल दिसतो. जेवणाची सुट्टी होती. बाया डबे सोडून बसल्या होत्या. अन्नपूर्णाबाई बटणापाशीच होत्या, भाकरी हातात, माझ्याकडे बघत. काचेतून ऐकू जात नाही. दाराशी गुलनाज उभी होती, तिला ऐकू जात होतं. तिचा चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलीसारखा झाला होता.

माझ्या डोक्यात तेव्हा काय काय आलं ते लिहिणार होतो. लिहीत नाही. मंजुश्री ही डायरी वाचत नाही असं मला वाटतं, पण मला पुष्कळ काही वाटतं.

मी म्हणालो, "धूळ."

"काय?"

"धूळ, साहेब. रुईची. जुनी जिनिंग आहे. कॅमेऱ्यावर बसते. मॅडम बसल्या होत्या तेव्हा तीन दिवस पाऊस होता, धूळ दबली."

साहेबांनी विचारलं, "आणि बॅटरी?"

आयुष्यभर मी लोकांच्या थापांची टिंगल केली. स्वतः थाप मारायची वेळ आली तेव्हा कळलं की हे कौशल्याचं काम आहे. मी म्हणालो, "बॅटरी जड असते साहेब. तिच्यावर धूळ बसत नाही."

हे वाक्य खामगावात यापूर्वी कुणी उच्चारलं नसेल. गुलनाजने पुढे होऊन फोन माझ्या हातातून घेतला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाली, "सर बरोबर सांगतायत. चार्ज असलेल्या वस्तूवर कण टिकत नाहीत." मग फोन मला परत दिला.

साहेबांनी हम्म केलं. पाहतो म्हणाले.

फोन ठेवून मी खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं. पांढरं झालं. म्हणजे मी खोटं बोललो नाही. धूळ आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

विशेष काही नाही. यंत्राला एकोणसत्तर. अन्नपूर्णाबाईंनी माझ्या टेबलावर आंबाडीची भाजी ठेवली. कारण विचारलं तर म्हणाल्या, जास्त झाली होती.

७ ऑक्टोबर, सोमवार

पुण्याचा निर्णय आला. पाहुण्यांनी वर्षभराची मुदत दिली. गावाने यंत्र आपलंसं केल्याचा तो फोटो फार फिरला म्हणे. तोवर बाया कामावर राहतील आणि यंत्र शिकेल. बांड्याला धूळ लागू नये म्हणून त्याच्याभोवती काचेची खोली होणार, आत एसी. खर्च मोठा आहे, म्हणून कुठेतरी काटकसर करावी लागेल, असं साहेब म्हणाले. यंत्र आता स्वतःचा निकाल स्वतःच पुण्याला पाठवील, तशी सोय झाली आहे. त्यामुळे कार्यालय प्रमुख या पदाची दिवाळीपासून आवश्यकता राहत नाही.

मी तीनदा ऐकलं आणि तीनदा हो म्हणालो.

खामगावात यंत्राने ज्या पहिल्या माणसाची जागा घेतली, तो मी. बाकी सगळीकडे चुकतं. आधी माझा कॅल्क्युलेटर आणि आता मी, एवढ्या दोनच वस्तू त्याने पहिल्या फटक्यात ओळखल्या.

मंजुश्रीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "धूळ म्हणालास, तेव्हाच मला वाटलं होतं." म्हणजे ती डायरी वाचते.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शेवटचा दिवस. सत्कार नको म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं. या इमारतीत आजवर मी न सांगितलेली एकही गोष्ट लपलेली नाही, हे मला जरा उशिराच कळलं.

फकीर मोहम्मद सकाळीच येऊन गेला. ट्रकमध्ये पुन्हा पंप, पुन्हा झटका मशीन, आणि एका गावातल्या कापूस खरेदीच्या दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा. काट्यावर मी हात ठेवून पाहिला. आकडा आला नाही. त्याने शेवटची पावती माझ्याकडूनच घेतली आणि घडी करून वरच्या खिशात ठेवली. एरवी तो पावत्या टोपलीत फेकतो.

गुलनाज काचेच्या खोलीचं माप घेत होती. मला बघून टेप गुंडाळला. काही बोलायचं होतं तिला. मी म्हणालो, "मॅडम, साजूक तुपाच्या बाबतीत एक शंका आहे." तिने मान खाली घातली. "पण ती मी विचारणार नाही," मी म्हणालो. ती हसली आणि लगेच डोळे पुसायला दुसरीकडे वळली. धूळ फार आहे इथे.

टेबलाच्या खणात माझं म्हणावं असं थोडंच होतं. अन्नपूर्णाबाईंनी दिलेला कॅल्क्युलेटर घेतला आणि जुन्याच्या रेक्झिनच्या कव्हरात घातला. थोडा सैल बसतो.

सकाळी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून शंभराची कोरी नोट आणि एक रुपयाचं नाणं मुद्दाम घेतलं होतं. हॉलमध्ये गेलो. अन्नपूर्णाबाई बटणावर होत्या. पोळ्याची घुंगरमाळ अजून खांबाला होती, ती काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. मी बाईंच्या शेजारी उभा राहिलो आणि नोट आणि नाणं त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं.

त्यांनी पाहिलं. "पोळा तं कधीचा सरला, दिवाणजी."

"उधार होती," मी म्हणालो.

बाईंनी नोट कपाळाला लावली. मग उठल्या, बांड्याच्या मनगटाला टेकवली आणि कमरेला खोचली. परत बसल्या. पट्ट्यावरून एक रिमोट येत होता. त्यांचा हात बटणांवर गेला.

मी दुसरीकडे पाहिलं आणि बाहेर पडलो.